पर्शियन की मेन कून? आधी फणीला विचारा

लांब केसांचं मांजर आणायचं ठरलं की गाडी बहुधा या दोन नावांपाशी येऊन अडते. माझ्याकडे आधी पर्शियन भाटी होती, दुलई. आठ वर्षं. ती गेल्यावर मेन कून बोका आला, त्यालाही आता पाच वर्षं होतील. म्हणजे पुढचं सगळं दोनच मांजरांच्या जिवावर लिहितोय. तुमचं वेगळं निघू शकतं, मांजरच ते.

रूपात पर्शियन उजवी, हे आधीच कबूल करतो. गोल चेहरा, टपोरे डोळे, आखूड पाय. बसली की केसांच्या ढिगातून फक्त दोन डोळे बघताहेत असं वाटतं. मात्र ते दाबलेलं नाक मूळचं नाही. १८७१ साली हॅरिसन वियर या इंग्रज चित्रकाराने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, त्यात पर्शियन होत्याच. पण त्या काळच्या चित्रांत त्यांना चांगलं नाक दिसतं. चपटेपणा पुढे निवडून निवडून आणलेला. त्यापायी अश्रू नाकात उतरायचे ते गालावर ओघळतात, तपकिरी डाग पडतात आणि रोज सकाळी ओला कापूस घेऊन बसावं लागतं.

मेन कून देखणा वेगळ्या अर्थाने. चौकोनी जबडा, कानांच्या टोकांना झुपके, पंजाच्या बोटांतून डोकावणारे केस आणि अंगभर गुंडाळून झोपता येईल अशी शेपूट. अमेरिकेतल्या मेन राज्याचं हे मांजर. १९८५ पासून तिथलं अधिकृत राज्य-मांजर. त्या शेपटीमुळे रॅकूनशी, म्हणजे तिथल्या झुबकेदार शेपटीच्या एका रानटी प्राण्याशी, संकर झाल्याची दंतकथा पसरली. तसं होणं शक्य नाही, पण नावातला ‘कून’ लोक तिथूनच आला म्हणतात.

स्वभावात दोघांचं टोक वेगळं. दुलईला सोफ्यावर ठेवून बाहेर गेलो तर परतल्यावर ती तिथेच असायची. आवाज आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही तक्रारीचा. पाहुणे आले की आत, गेले की बाहेर. बोक्याचं नाव चिमण्या, कारण सात किलोच्या या धुडाच्या गळ्यातून चिवचिवाट निघतो. म्याऊ क्वचितच. मी स्वयंपाकघरात गेलो की तो मागे, न्हाणीघरात गेलो की दाराबाहेर. मांडीवर बसत नाही, मांडीला टेकून बसतो. पाण्याच्या भांड्यात आधी पंजा बुडवणार, तरंग बघणार, मग पिणार; फरशी पुसायचं काम माझ्याकडे. शिवाय याचं पोरपण तीन-चार वर्षं सरत नाही. शांतता हवी असेल तर हे आधी ऐकून ठेवा.

आता ज्याने मला खरं छळलं ते: जटा. पर्शियनचा आतला थर कापसासारखा मऊ आणि दाट. ब्रश फिरवला की अंग छान फुलून येतं, आपल्याला वाटतं झालं काम. प्रत्यक्षात ब्रश वरच्या वर घसरत असतो आणि खाली कातडीलगत नमदा तयार होत असतो. जागा ठरलेल्या: काखा, कानांमागे, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला. एकदा चार दिवस बाहेर राहून परतलो तर दुलई पुढचा पाय आखडून चालत होती. मुरगळला असेल म्हणून चाचपला, तर काखेत सुपारीएवढी टणक गाठ. पाय टाकला की कातडी ओढली जात होती. मी आणखी शहाणपणा केला, गाठ सैल होईल म्हणून अंघोळ घातली. वाळल्यावर ती जास्तच आवळली. कात्री हातात घेतलीच होती, पण आधी पशुवैद्यांना फोन केला हे नशीब. मांजराची कातडी पातळ आणि सैल, गाठीबरोबर वर येते आणि कात्रीत केसांआधी तीच सापडते. शेवटी मशीनने दोन्ही काखा भादरल्या. पुढे रोज वीस मिनिटं स्टीलची फणी, केसांचे थर पाडून, मुळापासून. तिला ते आवडायचं नाही आणि मला कंटाळा यायचा.

मेन कूनला गुंता होत नाही असं नाही. पोटाखाली आणि मांड्यांवरच्या झुबक्यांत होतो, केस गळायच्या दिवसांत तर नक्कीच. पण त्याचा केस जाडसर, किंचित तेलकट, खांद्यांवर आखूड. फणी अडत नाही. चिमण्याला आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं पुरतात, तीही तो लोळत असताना. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

तब्येतीची धास्ती दोन्हीकडे आहे. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, म्हणून दोघांच्या डीएनए तपासणीचा कागद मागा. मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होतो. तिथे जनुकाची चाचणी निर्दोष आली तरी निर्धास्त होता येत नाही, आईबापांच्या हृदयाचा इको झालाय का ते विचारा.

कामावरून आल्यावर गप्प बसणारी सोबत हवी असेल आणि फणी घेऊन बसण्यात खरंच जीव रमणार असेल, तर पर्शियन घ्या, मी अडवणार नाही. फक्त नाक जरा पुढे आलेलं पिल्लू निवडा आणि पहिल्या आठवड्यापासून काखेत हात लावू द्यायची सवय लावा. अजूनही कुणाकडे पर्शियन दिसली की लोक तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. माझी बोटं आधी तिच्या काखेत जातात.