‘औषधी’ ह्युमिडिफायरच्या नावाखाली आमची फसवणूक

दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात, आमचं गाव. थंडीत हवा अशी कोरडी पडते की लेकराचं नाक रात्रभर चोंदलेलं, दूधही धड पिऊ देत नाही. हे हेरूनच आठवडी बाजारात गाडी लावणाऱ्या एकाने आमच्या घरच्यांना ‘औषधी ह्युमिडिफायर’, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं मशीन, २,८०० रुपयांना विकलं. सोबत थेंबांची एक बाटली, तिच्यावर घटकांचं नाव नाही. म्हणे, डॉक्टर लोक हेच वापरतात, न्यूमोनिया जवळ फिरकत नाही.

सकाळी पाळण्याच्या काळ्या दांडीवर पांढरी भुकटी दिसायची. बोट फिरवलं की रेघ उमटायची. त्याला फोन केला तर म्हणतो, “ताई, ते औषध बसतंय, पुसू नका.”

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. ते औषध नव्हतंच, आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार होते. हे असलं अल्ट्रासॉनिक मशीन पाणी उकळत नाही, कंपनाने त्याचे बारीक तुषार उडवते. पाण्यात जे विरघळलेलं असेल तेही सोबत उडतं आणि लेकराच्या छातीत जातं. अशा मशीनमध्ये डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून थंड केलेलं बिनक्षाराचं पाणीच घालावं लागतं. खारं पाणी नुसतं उकळून क्षार जात नाहीत.

थेंबांची बाटली बालरोगतज्ज्ञांना दाखवली. झाकण उघडताच कापराचा भपका आला. दोन वर्षांखालच्या लेकराजवळ कापूर नकोच, पोटात गेला तर झटके येऊ शकतात, असं त्यांनी बजावलं. बाटली आम्ही त्याच दिवशी टाकली. मशीनवरचा आर्द्रतेचा आकडा तर शोभेचाच निघाला: भर उन्हात अंगणात ठेवलं तरी ५५ च!

पैसे मागितले तर फोन बंद. हातात फक्त कच्ची चिठ्ठी, खोक्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना पत्ता, ना एमआरपी. कायद्याने हे तिन्ही छापलेलं असावंच लागतं, नसेल तर वस्तूला हातही लावू नका. पक्कं बिल मागा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

खरंच घ्यायचं असेल तर थंड तुषारांचं घ्या. गरम वाफेच्या मशीनने लेकरू भाजू शकतं. टाकी रोज रिकामी करून धुवा, कोरडी करा. आर्द्रता मोजायचा काटा वेगळा घ्या, ४० ते ५० टक्के पुरे. त्याहून ओल वाढली की भिंतीला बुरशी धरते.

तोच गाडीवाला आता अंजनगावकडच्या बाजारांत फिरतोय असं कळलंय. तिकडे कुणाची लेकीसून बाळंत झाली असेल तर तिच्यापर्यंत हे पोचवा.