अक्कलकोट रस्त्यावरची फ्लॅमेंको शिकवणी : उजव्या हातासाठी सहा महिने

सोलापुरात गिटारचे क्लास पुष्कळ आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी डाव्या हाताचे कॉर्ड आणि गाण्यांची साथ यांवरच भर असतो आणि उजवा हात पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, धरण्यापुरता उरतो. दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात घडलेल्या फ्लॅमेंको वादनात पिक नसतेच. तिथे सूर काढणे, ठेका धरणे आणि गिटारच्या लाकडावर ठोका देणे ही सगळी कामे उजव्या हाताच्या बोटांची आणि नखांची असतात. अक्कलकोट रस्त्याच्या परिसरात, एका घराच्या माडीवर चालणाऱ्या शिकवणीत मी सहा महिने हेच शिकत आहे आणि जे मिळाले त्याबद्दल माझे मत फार चांगले आहे.

पहिल्या तासाला सरांनी गिटार पिशवीतून काढूच दिली नाही. त्यांनी विचारले, "कॅरम खेळलाय ना? मग स्ट्रायकर मारा." तर्जनी अंगठ्यामागे अडवून सोडली की ती जशी बाहेर उसळते, तीच हालचाल रास्गेआदोचा, म्हणजे बोटे उघडत तारा छेडण्याच्या तंत्राचा, पाया आहे. फरक इतकाच, की इथे करंगळी, अनामिका, मधले बोट आणि तर्जनी अशा चार टिचक्या एकामागून एक, सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने तारांवर पडाव्या लागतात. आपण दिवसभर वस्तू धरतो, पिशव्या उचलतो, म्हणजे बोटे मिटणाऱ्या स्नायूंचा वापर करतो. बोटे उघडणारे स्नायू त्यामानाने कमकुवत राहतात. त्यातच अनामिकेची कंडरा हाताच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी शेजारच्या कंडरांशी जोडलेली असल्यामुळे ते बोट एकटे उचलायला गेले की शेजारची बोटेही ओढली जातात. सरांनी हे माझा पंजा टेबलावर पालथा ठेवून, एकेक बोट उचलायला लावून दाखवले. त्यानंतर पूर्ण तीन आठवडे आम्ही मांडीवर चार टिचक्या मोजत होतो, आणि एखादे बोट दुसऱ्याला चिकटून पडले की सर डोळे मिटूनही ते बोट कोणते हे सांगत. वेग वाढवण्याची घाई त्यांनी एकदाही केली नाही. या शिकवणीची खरी किंमत मला इथेच दिसते, कारण घाईत शिकलेले रास्गेआदो म्हणजे तारांवरून नुसता हात खरवडणे असते.

अंगठा खाली-वर फिरवून वाजवायचे अल्सापुआ आणि अनामिकेच्या नखाने लाकडावर द्यायचा गोल्पे हेही नीट शिकवले जाते. गोल्पेसाठी गिटारच्या पृष्ठभागावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा चिकटवावा लागतो, नाही तर लाकडावर चरे पडतात. सर तो स्वतः कापून लावून देतात. माझ्या आधीच्या नायलॉन तारांच्या गिटारला शहरातील एका दुकानात धातूच्या तारा चढवून दिल्या होत्या आणि त्यांच्या जादा ताणाने ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, उचकटला होता. त्यामुळे वाद्य हाती घेताच आधी तारा तपासणारा शिक्षक भेटला याचे मला फार समाधान आहे.

पिकादोच्या बाबतीत मात्र शिकवणी थोडी कमी पडते. तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवून, प्रत्येक आघातानंतर बोट शेजारच्या तारेवर टेकवत स्वरांची सलग ओळ काढणे म्हणजे पिकादो. स्पॅनिश फ्लॅमेंको गिटारवादक पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांचे पिकादो ऐकल्यावर ज्याची ओढ लागते, त्या तंत्राला आठवड्यातून दहा मिनिटे अपुरी आहेत.

तालाचे शिक्षण उत्तम आहे. सोलेआ या फ्लॅमेंको प्रकारात बारा मात्रा असतात आणि जोर तीन, सहा, आठ, दहा व बारा या मात्रांवर येतो. मी लहानपणी तबला शिकल्यामुळे एकतालाच्या सवयीने पहिल्या मात्रेवर सम शोधत राहिलो, तर इथे सुरांचे वाक्य दहाव्या मात्रेवर येऊन विसावते. हे अंगवळणी पडेपर्यंत सरांनी गिटार बाजूला ठेवून आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. अडचण एवढीच की शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग चालतात. त्यांचा एकसारखा खटखटाट खिडकीतून आत आला की बारा मात्रांतला वर-खाली होणारा जोर सपाट होऊन जातो. माग बंद असतात त्या दिवशीचा तास मागून घ्यावा, असे मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगेन.

नखांची काळजी हाही इथल्या शिक्षणाचा भाग आहे. बारीक पॉलिश पेपरने नखाची कड कशी गोल करावी, हे सर प्रत्येकाचे बोट हातात घेऊन दाखवतात. कडक भाकरी मोडताना माझे अनामिकेचे नख तुटले, तेव्हा ते वाढेपर्यंत त्यांनी मला फक्त अंगठ्याचा रियाज दिला. एकही तास वाया गेला नाही.

महिन्याला १,२०० रुपये शुल्क आणि आठवड्याला दोन तास, हा हिशेब मला रास्त वाटतो. चार महिन्यांत एखादे गाणे बसवून घ्यायचे असेल त्याने इथे येऊ नये. माझ्या करंगळीचा आवाज अजूनही बाकीच्या तीन बोटांपेक्षा दबका येतो, म्हणून मी पुढच्या तीन महिन्यांचे शुल्क भरले आहे.