आठ महिने ट्रॅश-सीएलआय: आरएमची खोड मोडताना

गेल्या दिवाळीत दादाच्या लग्नाचे फोटो माझ्याच हातून गेले. होम फोल्डरमध्ये ‘फोटो’ नावाची सिमलिंक (दुसरीकडच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नुसती खूण) होती, खरे फोटो बाहेरच्या डिस्कवर. मला फक्त ती लिंक काढायची होती. घाईत टर्मिनलमध्ये मारलं ‘आरएम -आरएफ फोटो/*’ (आरएम ही लिनक्सची फाइल थेट पुसणारी कमांड, ‘/*’ म्हणजे आतलं सगळं). लिंक जागच्या जागी, पलीकडचे फोटो साफ! नुसतं ‘आरएम फोटो’ म्हटलं असतं तर लिंकच गेली असती. निम्मे फोटो वहिनीच्या फोनमधून परत मिळाले, टोमणे मात्र अजून चालू आहेत.

त्याच रात्री उबुंटू लिनक्सवर ट्रॅश-सीएलआय टाकलं, म्हणजे टर्मिनलमधून कचरापेटी वापरू देणाऱ्या कमांडचा संच. ‘ट्रॅश-पुट’ फाइल पुसत नाही, कचरापेटीत हलवतं. ती मूळ कुठे होती आणि कधी टाकली, हे शेजारच्या छोट्या ‘ट्रॅशइन्फो’ फाइलमध्ये लिहून ठेवतं. डेस्कटॉपची कचरापेटीही हीच, त्यामुळे टर्मिनलमधून टाकलेलं माउसने परत काढता येतं. नाहीतर ‘ट्रॅश-रिस्टोर’ मारायचं: त्या फोल्डरमधून गेलेल्या फाइलींची यादी येते, आकडा दिला की फाइल परत. आठ महिन्यांत चारदा कामी आलं. त्यात एकदा चक्क जीएसटीची एक्सेल फाइल होती.

आता कुरकुर. जागा सुटत नाही. मोठे व्हिडिओ काढले तरी डिस्कवरची मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’चा आकडा हलेना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) ‘ट्रॅश-एम्प्टी ३०’ लावलंय, म्हणजे तीस दिवसांहून जुनं तेवढंच जातं.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. पेनड्राइव्हवरची फाइल काढली की ती पेनड्राइव्हवरच ‘.ट्रॅश-१०००’ नावाच्या फोल्डरात जाऊन बसते (१००० हा माझा युजर क्रमांक). लिनक्समध्ये नाव टिंबाने सुरू झालं की फोल्डर लपतं, विंडोजला त्या टिंबाचं सोयरसुतक नाही. झेरॉक्सच्या दुकानात स्क्रीनवर ते ठळक दिसलं आणि आत माझं बँक स्टेटमेंट. दुकानदार भला, त्याने काही विचारलं नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर तिथे सरळ आरएमच वापरा.

बरेच जण ‘आरएम’लाच ट्रॅश-पुटचं टोपणनाव करतात, म्हणजे आरएम टाइप केलं की ट्रॅश-पुट चालतं. ते करू नका, ट्रॅश-सीएलआय बनवणाऱ्यांनीही तसंच सुचवलंय. घरी आरएम निरुपद्रवी आहे अशी सवय लागते आणि दुसऱ्याच्या मशीनवर तेच आरएम खरं निघतं. मी दोन्ही नावं वेगळी ठेवलीत. ऑफिसच्या सर्व्हरवर ट्रॅश-पुट नाही; बोटं सवयीने टाइप करतात आणि ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. मग आधी फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस -एल’ मारतो, ओळीच्या सुरुवातीला ‘एल’ दिसला तर ती लिंक. ती काढायला ‘अनलिंक’ वापरतो. त्याला एकच नाव चालतं आणि फोल्डर दिलं तर ते सरळ नकार देतं.