आतून वाळू, बाहेरून चांदी : आरएक्स हंड्रेडचं इंजिन आणि माझे ३०,२०० रुपये

३०,२०० रुपये, एका गॅरेजवाल्यानं फसवून घेतलेले. आकडा आधीच सांगते, नाहीतर पाच-सात हजारांची किरकोळ गोष्ट समजून पुढे जाल. ८,००० ॲडव्हान्स, ६,५०० क्रँकचे, ४,८०० बोअर-पिस्टनचे, ३,५०० ब्लास्टिंगचे आणि गाडी हातात देताना ७,४०० 'मजुरी-सेटिंग'चे. नंतर ज्यानं खरं काम केलं, त्याचे १३,६५० वेगळे.

गाडी दादाची. यामाहा आरएक्स हंड्रेड, १९९४ची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री कुर्ल्याच्या नेहरूनगरमध्ये आमच्या इमारतीखाली ती हँडलपर्यंत पाण्यात होती. पुढे दादा नाशिकला गेला आणि गाडी जिन्याखालीच राहिली. आता रीडेव्हलपमेंटची नोटीस लागली, भंगारवाला ६,००० म्हणाला. आरएक्सला आज काय भाव आहे हे तोही जाणतो. दादा म्हणाला, "विकू नकोस, चालू कर. पैसे निम्मे-निम्मे."

गॅरेज मध्य रेल्वेच्या एका स्टेशनबाहेर आहे. नाव लिहीत नाही, वकिलानं बजावलंय. आणि हो, 'बाई म्हणून फसली' असं म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्या की सुरुवातीला त्या माणसानं सगळं बरोबर केलं. किक मारूच दिली नाही. "ताई, पिस्टन गंजून जाम आहे, जोर केलात तर रॉड वाकेल," म्हणाला. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडलं, चार दिवस तसंच ठेवलं आणि माझ्यासमोर मॅग्नेटच्या (इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या) नटाला पाना लावून हलकेच पिस्टन मोकळा केला. जाणकार माणूसही हेच करतो. मग विश्वास बसणार नाही तर काय होणार?

त्यानंतर फोन. "ताई, क्रँक गेलाय." क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा दांडा. हे मला पटलं, कारण आरएक्स टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगांना वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलबरोबर येणारं टू-टी ऑइल क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकच्या पेटीतून जातं, तेवढंच. म्हणजे एकदा आत पाणी-गाळ शिरला आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, की रोलर गंजणारच. क्रँक प्रेसवर उघडायचा, नवी कनेक्टिंग रॉड किट बसवायची, लेथवर ट्रू करून घ्यायचा. हे सगळं त्यानं अस्खलित सांगितलं. व्हॉट्सॲपवर फोटो आले, क्रँककेस आतून आरशासारखं. ६,५०० पाठवले. क्यूआर कोडवर नाव आलं कुठल्याशा किराणा स्टोअरचं. "शेजाऱ्याचं आहे ताई, माझं बंद पडलंय." पैसे दुसऱ्याच्या नावावर मागितले की तिथंच थांबा.

आता तो पिस्टन. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

मी जुने पार्ट मागितले होते. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन काढून दाखवला. आमच्या गाडीची बोअर २००१ साली एकदा मारलेली, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडं रुंद केलेलं आणि त्यात मोठा, 'ओव्हरसाइज' पिस्टन घातलेला. मी कॉलेजात होते, दादाबरोबर लेथवाल्याकडे तासभर उभी होते. चिठ्ठी अजून आरसी बुकाच्या प्लास्टिकमध्ये आहे, ०.५० मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर तो आकडा ठोकलेला असतो. हातातल्या पिस्टनवर आकडा नव्हता. मी विचारलं. हो, विचारलं! तो म्हणाला, "कार्बन बसलाय ताई, खाली दडलाय." मी किल्लीनं खरवडून पाहिलं. काळा थर निघाला, खाली सायलेन्सरच्या बाजूचा बाण लख्ख दिसला, त्याची टोकंसुद्धा. बाण दिसतो तर आकडा का दिसू नये? हा प्रश्न मनात आला आणि त्याच क्षणी तो म्हणाला, "चहा घेणार का?" मागे दोन गिऱ्हाइकं उभी, त्यातला एक "भाऊ, माझी झाली का" म्हणून ओरडतोय. कुणाच्याही हातून तो प्रश्न तिथंच सुटला असता. पिस्टन दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा होता. माझा तेव्हाही इंजिनातच होता.

गाडी मिळाली तेव्हा इंजिन चांदीसारखं. एका किकला सुरू. दादाला व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला, तो काही बोललाच नाही बराच वेळ. मग सायनच्या सिग्नलला खालून किर्र आवाज, आणि गाडी मागच्या चाकासकट गच्च.

ज्या म्हाताऱ्या लेथवाल्यानं नंतर इंजिन खोललं, त्यानं मला आधी डावं कव्हर उघडून दाखवलं. मॅग्नेट काढला, मागची कॉइलची प्लेट काढली. क्रँकच्या ऑइल सीलवर वाळलेला गाळ, नखानं पापुद्रा सुटावा असा. गॅरेजच्या बिलात (बिल कसलं, वहीचं पान) 'सील-बेअरिंग नवीन' लिहिलंय. प्लेट न काढता सील कोण बदलतं? पुढे त्यानं इंजिन दोन भागांत उघडलं. क्रँक जुनाच, पिनवर गंजाचे खड्डे. आणि सगळ्यावर करकरीत काहीतरी. बोटांत चोळलं तर दातांखाली खडा आल्यासारखं वाटलं. चुंबक फिरवला, थोडं चिकटलं, ते लोखंड. बाकीचं जागचं हललं नाही. वाळू!

म्हणजे गॅरेजवाल्यानं इंजिन पूर्ण खोललंच नव्हतं. पोर्टांत (इंजिनाच्या उघड्या तोंडांत) चिंध्या कोंबून अख्ख्या बंद इंजिनावर वाळूचा मारा केला आणि वरून सिल्व्हर कलर फवारला. वर फक्त सिलिंडर उचलून पॉलिश पेपर फिरवला, पिस्टन तोच. टू-स्ट्रोकमध्ये आत गेलेला कण आधी बेअरिंगात जातो, मग सिलिंडरमध्ये. भिंतीवर उभे ओरखडे, रिंगांच्या खाचा वाळूनं भरलेल्या. ब्लास्टिंग वाईट नाही, पण ते सुट्या कव्हरांवर, मशीन केलेल्या कडा टेपनं झाकून आणि नंतर डिझेलनं, पाण्यानं, हवेनं भोकन् भोक धुऊन करायचं. जोडलेल्या इंजिनाला ब्लास्टिंग करतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून गाडी ढकलत बाहेर आणा. कॉस्टिकनं 'साफ' करतो म्हणणाराही तसलाच, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं.

मूळ मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटरही बदललेला निघाला. त्याचे पैसे मी हिशेबात धरलेसुद्धा नाहीत.

गॅरेजवाला म्हणाला, "टू-टी कमी टाकलंत तुम्ही." नंतर नंबर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" दुसरा, "पक्कं बिल?" मी वहीचं पान, पेमेंटचे स्क्रीनशॉट, वाळूची पुडी टेबलावर ठेवली. पुडी उघडूनही पाहिली नाही. "हे सिव्हिल मॅटर आहे, ताई." मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवणूक, सात वर्षांपर्यंत शिक्षा. "गुगल वाचून येऊ नका." मग गॅरेज रस्त्याच्या पलीकडे म्हणून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं. तिथले म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवलेत ना, मग पहिल्याच ठाण्यात जा. मी झीरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) म्हटलं तर साहेब जेवायला गेले. आणि कळस म्हणजे आरसी पाहून एक हवालदार म्हणतो, "रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवलीत? आधी दंड तुमच्यावरच लागेल." चोर राहिला बाजूला, गुन्हेगार मीच! अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का! पोलीस ठाण्यात! मग मेकॅनिकवर कुठल्या खात्याची नजर असते, हे विचारायला एका सरकारी कार्यालयात गेले. तीन खिडक्या झाल्या, तिसरीनं पुन्हा पहिलीकडे धाडलं.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. पण तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा. लेथवाल्याला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला याच लायनीत राहायचंय." त्याच्यावर राग नाही. पण लिहून देणारा माणूस आधी शोधा, इंजिन नंतर उघडा, आणि उघडताना इंजिन नंबरपासून सुरू होणारा सलग व्हिडिओ घ्या. मला आलेल्या 'आरशासारख्या' फोटोंत एकातही नंबर नव्हता. गाडी देताना सिलिंडर, कार्ब्युरेटर, कव्हरच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका ठेवा, पटकन दिसणार नाही असा. लेथवाल्याचं नाव विचारा आणि क्रँक प्रेसवर असताना तिथं जाऊन उभं राहा. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता" ऐकलं की नक्की जा.

परवा भाच्यानं त्या गॅरेजचं स्टेटस दाखवलं. माझंच इंजिन, सिल्व्हर कलर ओला असतानाचं. खाली लिहिलंय, 'आरएक्स फुल रिस्टोरेशन, फक्त ३५,०००'. भाव वाढवलाय.