अपघात-पुनर्रचना सेवेचा अनुभव: मोटारीचा हिशेब चोख, माणसाचा अपुरा

उजवीकडून येऊन आदळलेल्या उंच, जड गाडीमुळे माझ्या थोरल्या भावाच्या पाच बरगड्या मोडल्या आणि यकृताला इजा झाली. चूक कोणाची, हे ठरवण्यासाठी आम्ही अपघातांची पुनर्रचना करून देणाऱ्या एका खाजगी संस्थेकडे काम सोपवले. त्यांच्या अहवालातला मोटारींचा भाग उत्तम आहे. दुखापतीच्या भागाने मात्र निराशा केली.

मोजणी मी स्वतः उभा राहून पाहिली. गाडीच्या मूळ बाजूरेषेवर दोरी ताणून तपासनीस बाईंनी चेपलेल्या भागाची खोली सहा ठिकाणी मोजली. या मापांवरून आणि गाडीच्या सांगाड्याच्या ताठरतेवरून पत्रा चुरगळण्यात किती ऊर्जा खर्ची पडली ते निघते, आणि त्यावरून डेल्टा-व्ही, म्हणजे धडकेदरम्यान गाडीच्या वेगात झालेला बदल. एअरबॅगच्या नियंत्रकात केवळ पुढे-मागे दिशेचीच नोंद होती. आडव्या धक्क्यासाठी ती कामाची नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले.

घोडे अडले ते पुढे. डेल्टा-व्ही मध्यम असल्यामुळे एवढी गंभीर दुखापत अपेक्षित नव्हती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाजूच्या धडकेला हा आडाखा लागू पडत नाही. समोरून धडक बसली तर चुरगळायला अख्खे बॉनेट असते. बाजूला दार आणि बरगड्या यांच्यात जेमतेम वीतभर जागा. सबंध गाडी ढकलली जाण्याआधीच दार जवळजवळ धडकणाऱ्या गाडीच्या वेगाने आत येते, आणि त्या बाजूला बसलेल्याच्या अंगावर तोच वेग आदळतो. भावाच्या दारावरचा हात टेकायचा भाग मोडून सीटला भिडला होता, म्हणजे नेमका खालच्या बरगड्यांपाशी, ज्यांच्याआड उजवीकडे यकृत असते. त्याचा फोटो परिशिष्टात आहे, मजकुरात अवाक्षर नाही. सीटी स्कॅनचा अहवाल मागून घेतला होता, तो कोणी वाचला असे वाटत नाही.

अहवालात दिलेला भावाच्या गाडीच्या सुरक्षा-तारांकनाचा दाखलाही फसवा. ते युरो एनसीएपी या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या जुन्या चाचणीतले, जिच्यात गाडीच्या बाजूवर 950 किलोचा चाचणी-गाडा ताशी 50 किलोमीटरने आदळवत. 2020 पासून तो 1,400 किलोचा आणि वेग 60 आहे.

आक्षेप कळवल्यावर त्यांनी जादा शुल्क न घेता फेरमोजणी केली, हे नोंदवले पाहिजे. आधीची मापे दाराखालच्या सिलपाशी घेतली होती. छातीच्या उंचीवर दार त्याच्या जवळजवळ दुप्पट आत आलेले निघाले.