एका ‘येस’चे ९०,२९९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. ९०,२९९ रुपये. त्यातले ४९९ मी माझ्या हाताने दिले, उरलेले ८९,८०० मी झोपेत असताना गेले. एकोणतीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर होते. खोटी नोट बोटांना कळायची माझ्या. म्हणून हे लिहायला महिना लागला. ‘एवढी शिकलेली बाई, फसली कशी’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्यावं.

सोसायटीची मी खजिनदार. ३० तारखेच्या संध्याकाळी मेंटेनन्सची छत्तीस बिलं छापायला बसले आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’. मुलगा पुण्यात, फोन उचलेना. गुगलवर कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ टाकलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. वर आलेला नंबर म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात असू शकते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येतं? नंबर प्रिंटरच्या खोक्यावर बघा, नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर. गुगलवर शोधू नका.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. गोड आवाजाचा पोरगा, एक अ‍ॅप घ्या (रिमोटचं, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं), स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवा, आणि माउस आपला आपण फिरायला लागला. प्रिंटरचं ‘लायसन्स’ संपलंय म्हणाला, ४९९ भरा. भरले. प्रिंटरला कसलं आलंय डोंबलाचं लायसन्स!

पण जी गोष्ट रात्री दोन वाजता मला उठवून बसवते ती ही नाही. तो सगळं स्वतः करत होता. फोल्डर उघडत होता, टाइप करत होता, मी नुसती बघत होते. मध्येच पडदा काळपट झाला आणि मधोमध एक चौकट आली. या अ‍ॅपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, खाली ‘येस’ आणि ‘नो’. आणि त्याचा माउस थांबला. तो म्हणाला, “मॅडम, आपके सामने एक विंडो आयी होगी, ‘येस’ दबाइए.” अहो, सगळं येणाऱ्या माणसाला नेमकं हेच बटण का दाबता येत नव्हतं? कारण ती चौकट विंडोज मुद्दाम वेगळ्या पडद्यावर दाखवतं. साध्या रिमोटवाल्याला ती ना दिसते, ना दाबता येते. घरातलं एकच कुलूप त्याला उघडेना, आणि किल्ली फिरवली मी.

आता माझी दुसरी चूक, जी मुलाने अजून एकदाही बोलून दाखवली नाही, म्हणून जास्त लागते. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याने दोन खाती केली होती. सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं त्याचं, पासवर्ड त्याच्याकडे. माझं स्टँडर्ड, म्हणजे साधं. त्या खात्यावर तीच चौकट आली की ‘येस’ म्हणून चालत नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं, पासवर्ड. प्रिंटर जोडायचा, पासवर्ड. प्रत्येक वेळी त्याला फोन. दिवाळीत तो आला तेव्हा मी चिडून म्हणाले, घर माझं, कॉम्प्युटर माझा, आणि परवानगी तुझी? “अगं आई, तुझ्याच भल्यासाठी आहे ते,” म्हणाला. तरी माझंही खातं अ‍ॅडमिन करून गेला बिचारा.

स्टँडर्ड खातं असतं तर काहीच झालं नसतं, असं मी म्हणत नाही. रिमोटचं अ‍ॅप नुसतं उघडलं तरी समोरच्याला पडदा दिसतो. पण पासवर्डसाठी मला मुलाची वाट बघावी लागली असती आणि त्याने पहिल्या वाक्यात फोन ठेवायला लावला असता. ‘येस’ दाबल्यावर ते अ‍ॅप कॉम्प्युटरमध्ये कायमचं बसलं, कुणी परवानगी न देता आत येता येईल असं.

“अपडेट चालू आहे, रात्रभर बंद करू नका,” हे त्याचं शेवटचं वाक्य. मी बंद केला नाही.

पहाटे १:१२ ते १:४० मध्ये नव्या खात्यावर २४,९००, परत २४,९००, मग माझ्या कार्डावर दहा-दहा हजारांची चार गिफ्ट कार्डं. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता. (डायरीत लिहिला तरी तुम्ही हसता!) आणि ओटीपी? मोबाईलचे मेसेज कॉम्प्युटरवर दिसावेत ही सोय मीच करून घेतली होती. ती आजच काढा. मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही, हे इथे ठळक लिहून ठेवते.

बँकेला ते पटत नाही. “ओटीपी तुमच्याच मोबाईलवर गेला, मॅडम.” तेवढंच, पोपटासारखं. सकाळी ६:५० ला मेसेज पाहिले, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावली. एंगेज. ७:३५ ला लागली, तोवर पैसे तिसऱ्याच खात्यातून बाहेर. पोलीस ठाण्यात गेले, म्हणाले सायबर सेलला जा. सायबर सेल म्हणाला, आधी ठाण्यातून लिहून आणा. ठाण्यात साहेब बंदोबस्तावर. तीन दिवस, तीच पिशवी, तेच झेरॉक्स. एका शहाण्याने विचारलं, “या वयात कॉम्प्युटर कशाला हवा?” बँकेत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेले. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही, असं त्यात आहे. मॅनेजरने बरोबर त्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं: ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणून फोन लागो न लागो, बँकेला कळवल्याची वेळ लेखी घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेले आहे.

तुमच्या घरी बघा: सेटिंग्ज, अकाउंट्स, नावाखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहिलंय का? एकच खातं असलेल्या बहुतेक घरांत तेच असतं. आधी दुसरं अ‍ॅडमिन खातं वेगळ्या पासवर्डने करा, त्यात एकदा जाऊन बघा, मग रोजचं खातं स्टँडर्ड करा. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवू नका, आमच्या शेजाऱ्यांनी तेच केलंय.

प्रिंटर मुलाने दोन मिनिटांत चालू केला. ‘ऑफलाइन वापरा’ला टिक होती. बिलं तोवर झेरॉक्सच्या दुकानात छापली, ७२ रुपये.

चौथ्या दिवशी त्याच नंबरवरून फोन. “मॅडम, प्रिंटर ठीक चल रहा है ना?” मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लगेच सायबर सेलला कळवलं, तो नंबर आत्ता चालू आहे, आत्ता बोलला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “नंबर अर्जात आहे ना? मग पुरवणी अर्ज करा. दोन प्रती आणा.”