ख्रिस्ती डीएनपीच्या नावाखाली माझे ८,४७५ डॉलर गेले

अर्जाचे १७५, जागा राखून ठेवायला १,२००, पहिल्या सत्राची फी ६,४५०, ‘क्लिनिकल प्लेसमेंट’चे, म्हणजे रुग्णालयात प्रशिक्षणाची जागा मिळवून देण्याचे, ६५०. अमेरिकेत रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे.

डीएनपी म्हणजे नर्सिंग प्रॅक्टिसमधली डॉक्टरेट, तीही ख्रिस्ती दृष्टिकोनातून. रुग्णाची आध्यात्मिक काळजी, शेवटच्या घटकेतल्या माणसाशी बोलणं, सगळं अभ्यासक्रमात. ख्रिस्ती विद्यापीठांत असे खरे, मान्यताप्राप्त कोर्स आहेत, मग संशय घ्यायचा कशाचा?

एक फोन मात्र डोक्यातून जात नाही. मी विचारलं, देखरेखीखालच्या प्रॅक्टिसचे हजारेक तास कुठे करायचे? शाळेच्या सल्लागार बाई म्हणाल्या, “सिस्टर, तुमची वॉर्डातली ड्यूटी आणि चर्चमधली सेवा त्यात धरू.” पगारी ड्यूटी! तिथेच फोन आपटायला हवा होता. पण मी तोंड उघडणार तोच, “आधी प्रार्थना करू या.” माझ्या आजारी आईचं नाव घेऊन प्रार्थना केली हो त्यांनी. आमेन म्हटल्यावर लगेच उलटतपासणी कोण घेतं? त्याच संध्याकाळी १,२०० पाठवले. खातं संस्थेचं नव्हे, कुणा व्यक्तीचं. तुम्हाला असं खातं दिलं, तर तिथेच थांबा.

वेबसाइटवर मान्यतेचा शिक्का होता. शिक्का कुणीही छापतो. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या यादीत नाव शोधा, शाळेने दिलेल्या लिंकवरून नको. मान्यता नसलेल्या कोर्सवर नर्स प्रॅक्टिशनरच्या सर्टिफिकेशन परीक्षेला बसूच देत नाहीत.

आणि तक्रार? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. राज्याचं शिक्षण खातं म्हणतं, धार्मिक संस्थेला परवान्यातून सूट आहे. अहो, ती सूट धर्मशास्त्राच्या पदव्यांसाठी, नर्सिंगसाठी कशी? त्यावर उत्तर नाही. नर्सिंग बोर्ड म्हणतं, ही शाळा आमच्या यादीतच नाही, म्हणून आमच्या अखत्यारीत नाही. यादीत नाही हीच तर माझी तक्रार! २०२३ मध्ये फ्लोरिडातले ७,६०० हून जास्त बोगस नर्सिंग डिप्लोमा उघडकीला आले, तरी या लोकांचं ढिम्म हलत नाही. पाळकसाहेब म्हणाले, क्षमा करा. करीन, पैसे आल्यावर.

हप्ते चालू असतील तर आजच बंद करा. ईमेल, पावत्या पुसू नका. आता ‘रिफंड मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येतात, आगाऊ ३९० डॉलर मागतात. त्यांना माझ्या फीचा आकडा सेंटपर्यंत पाठ आहे. तो त्यांना कुणी दिला असेल, तुम्हीच ओळखा.